दशांशचिन्हाचा प्रवास : व्होल्ट नावाच्या एककाविषयी

शालेय भौतिकशास्त्राच्या पुस्तकात अखेरच्या पानांवर एक कोष्टक असते. १ किलोव्होल्ट म्हणजे १,००० व्होल्ट. १ व्होल्ट म्हणजे १,००० मिलिव्होल्ट. १ मिलिव्होल्ट म्हणजे १,००० मायक्रोव्होल्ट. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे कोष्टक परीक्षेपुरते पाठ केलेले असते आणि परीक्षेनंतर ते विसरण्याचा आपला हक्कही बजावलेला असतो. दशांशचिन्ह तीन घरे डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचे, एवढाच काय तो व्यवहार. त्याला ‘रूपांतर’ असे नाव आहे.

हा शब्द आपल्याला दुसऱ्या घरातून परिचित आहे. देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, ते रूपांतर. मूळ किती टिकले, किती बदलले आणि बदलले ते कोणाच्या सोयीने, हे प्रश्न तेथे आपण हिरिरीने विचारतो. व्होल्टच्या कोष्टकाला मात्र असे काही विचारायचे आपल्याला सुचत नाही. तेथे मूळही तेच आणि रूपही तेच, फक्त शून्ये कमीजास्त, असे आपण गृहीत धरतो. आमचे म्हणणे असे की, हे गृहीत इतिहासाला धरून नाही. व्होल्ट हे एकक स्वतःच एका रूपांतरातून जन्मले आहे, आणि त्या कोष्टकातली शून्ये आज निरुपद्रवी दिसतात याचे कारण त्यांच्यासाठी झालेली भांडणे आपण विसरलो आहोत.

परिभाषेबद्दल एक खुलासा आधीच करतो. ज्या राशीचे व्होल्ट हे एकक, तिला आपली पाठ्यपुस्तके ‘विभवांतर’ म्हणतात. वीज कंपनीच्या देयकांवर आणि नियमांत ‘उच्चदाब’, ‘लघुदाब’ असे शब्द येतात. ‘विभव’ हा शब्द संस्कृतातून आणलेला, ‘दाब’ हा नळाच्या पाण्यावरून घेतलेला. वाहत्या विजेचे प्रमाण ही एक गोष्ट आणि तिला ढकलणारा जोर ही दुसरी, हे ध्यानात ठेवण्यास दुसरा शब्द अधिक उपयोगी. म्हणून येथे आम्ही ‘दाब’च म्हणू.

*

२० मार्च १८०० रोजी आलेस्सांद्रो व्होल्टाने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत एक पत्र लिहिले. चांदी व जस्त यांच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे अशी चळत रचली की अखंड वीज मिळते, ही त्या पत्रातील वार्ता. विजेचा जोर किती, हे सांगायला व्होल्टाजवळ एकक नव्हते. त्याच्याजवळ चकत्यांची संख्या होती आणि स्वतःचे शरीर होते. इतक्या जोड्या लावल्या तर बोटांना झिणझिण्या, त्याहून अधिक लावल्या तर मनगटापर्यंत धक्का, अशा प्रकारचे ते मापन. आपल्याकडची वीत, हात आणि मूठ ज्या जातीची मापे, त्याच जातीचे हे माप होते.

पुढे १८३६ साली जॉन फ्रेडरिक डॅनियलने तांबे आणि जस्त यांचा एक असा घट बनवला की ज्याचा दाब दीर्घकाळ स्थिर राहत असे. तारायंत्राच्या अभियंत्यांना मूठ सोडून पायली मिळाली म्हणायची! अमुक तारेला दहा डॅनियल घट, तमुक तारेला शंभर, अशी त्यांची बोली सुरू झाली. आजच्या मापाने एका डॅनियल घटाचा दाब १.१ व्होल्टच्या आसपास येतो. पण ज्यांच्याकडे डॅनियल घट नव्हते, निराळे घट किंवा प्रवर्तनाची गुंडाळी होती, त्यांनी आपला आकडा दुसऱ्याला कसा सांगायचा? प्रयोगशाळेत हा प्रश्न चर्चेपुरता होता. समुद्राच्या तळाशी तो फार महाग पडला.

*

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी अटलांटिक महासागरातील पहिली तार पुरी झाली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला गेला; त्याला सुमारे १६ तास लागले. तारेच्या विद्युत विभागाचे प्रमुख होते वाइल्डमन व्हाइटहाउस. हे मूळचे शल्यवैद्य, ब्रायटनचे. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या काळातील लॉर्ड केल्व्हिन यांनी, आधीच गणित मांडले होते की लांब सागरी तारेत संदेशाला होणारा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा जोर वाढवून उपयोग नाही, तार जाड हवी आणि संदेश टिपणारे यंत्र अतिसूक्ष्म हवे. व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हते. अंतर मोठे, तर धक्का मोठा, हा त्यांचा विचार. सुमारे पाच फूट लांबीच्या प्रवर्तन-गुंडाळ्या त्यांनी तारेला जोडल्या. त्यांचा दाब आजच्या भाषेत २,००० व्होल्ट, अर्थात २ किलोव्होल्ट, असावा असा अंदाज केला जातो. तारेभोवतीचे गटापर्चाचे आवरण आधीच सदोष होते. ते आणखी फाटत गेले. सप्टेंबरच्या प्रारंभी तार मुकी झाली.

त्या अल्प आयुष्यात तिने एक काम केले, ज्याचा संबंध आपल्या इतिहासाशी पोचतो. १८५७च्या उठावासाठी कॅनडातून दोन पलटणी हलवण्याचा हुकूम लंडनहून निघालेला होता. उठाव शमल्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस तो हुकूम तारेने रद्द करण्यात आला आणि ब्रिटिश सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले, असे त्या काळी सांगितले गेले. साम्राज्याला तारेची किंमत कळली ती येथे. लगेच १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत तार टाकण्यात आली. तीही निकामी झाली, आणि तिच्या भांडवलावर सरकारी हमी असल्याने भुर्दंड करदात्यांवर बसला. मग चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १८६१ साली आला.

व्हाइटहाउस यांना नोकरीतून काढण्यात आले आणि इतिहासाने त्यांना खलनायक ठरवले. ते सर्वस्वी न्याय्य नव्हे. तार घाईने बनवलेली होती, उघड्यावर साठवलेली होती; ती थॉमसनच्या हातीही फार काळ टिकली असती असे नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, ‘तुम्ही तारेला किती दाब दिला?’ हा प्रश्न चौकशीत विचारला, तरी त्याचे सर्वांना एकाच अर्थाने समजेल असे उत्तर देण्याची भाषाच उपलब्ध नव्हती. दोन हजार हा आकडा आपण आज मागे वळून घालतो. १८५८ साली दोघांनी आपापल्या खोलीत आपापल्या घटांची संख्या मोजावी आणि मध्ये समुद्र असावा, अशी ती स्थिती होती.

*

त्याच १८६१ साली लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन तारअभियंत्यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या मँचेस्टर येथील अधिवेशनात एक निबंध मांडला. विजेच्या सर्व राशींसाठी परस्परांशी जोडलेली एकके हवीत आणि त्यांना थोर संशोधकांची नावे द्यावीत, ही त्यातील सूचना. गंमत अशी की, त्यांच्या यादीत ‘व्होल्ट’ हे नाव दाबाला नव्हते, रोधाला होते. दाबाच्या एककाला त्यांनी ओमच्या नावावरून ‘ओमा’ म्हटले होते आणि त्याचे मूल्य एका डॅनियल घटाएवढे धरले होते. पुढे नावांची अदलाबदल झाली. विजेचे घट बनवणाऱ्याचे नाव दाबाला आणि रोधाचा नियम सांगणाऱ्याचे नाव रोधाला, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी वाटणी अशी मागाहून ठरलेली आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध रूढीने ठरतो, हे भाषाविज्ञानात आपण शिकवतो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

याच क्लार्कने पाच वर्षांनी एक प्रयोग केला. १८६६ साली अटलांटिकमध्ये दोन तारा चालू स्थितीत होत्या. पलीकडच्या टोकाला त्या एकमेकींना जोडून साडेतीन हजारांहून अधिक मैलांचे एक वर्तुळ तयार करण्यात आले. क्लार्कने शिवणकामाचे एक चांदीचे अंगुस्तान घेतले, त्यात थोडे आम्ल ओतले, जस्ताचा एक तुकडा बुडवला, आणि एवढ्याशा घटाच्या जोरावर संदेश महासागर ओलांडून जाऊन परत आला. दुसऱ्या टोकाला तो टिपायला थॉमसनचे आरशाचे गॅल्व्हानोमीटर होते. व्हाइटहाउस यांचे दोन हजार व्होल्ट आणि क्लार्कच्या अंगुस्तानातला साधारण एक व्होल्ट: या दोहोंमध्ये जी तीन शून्ये आहेत, ती कोष्टकातलीच होत. व्होल्टपासून किलोव्होल्टपर्यंतचे अंतर त्यांच्यात आहे, आणि एका तारेचे मरण व दुसरीचे जगणेही आहे.

*

ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्येच एक समिती नेमली. थॉमसन, व्हीटस्टन आणि फ्लीमिंग जेंकिन तिच्यात होते. लवकरच मॅक्सवेल आणि जूल आले. या समितीने घेतलेला एक निर्णय आज लक्षात येत नाही, इतका तो यशस्वी ठरला. ज्या देशात मैल, पौंड आणि गॅलन यांचे राज्य होते, त्या देशाच्या समितीने विजेची एकके मीटर आणि ग्रॅम यांवर उभारली. परिणामी ब्रिटिश व्होल्ट आणि फ्रेंच व्होल्ट असे दोन व्होल्ट रूढ झाले नाहीत. १९५७ साली आपल्याकडे दशमान नाणी आली तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे कसे द्यायचे, या विवंचनेत दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही होते. विजेच्या दाबाला असा आणा कधी नव्हताच. त्याची सर्व रूपांतरे पहिल्या दिवसापासून दहाच्या पटीत आहेत.

परंतु त्यासाठी एक विचित्र पाऊल टाकावे लागले. सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद यांतून, चुंबकीय परिणामांच्या आधारे, दाबाचे जे ‘निरपेक्ष’ एकक निघते ते कल्पनातीत सूक्ष्म आहे. एका डॅनियल घटात तशी दहा कोटींहून अधिक एकके भरतात. तारखात्याच्या माणसाने दररोज कोटींत हिशेब करावा हे शक्य नव्हते. तेव्हा समितीने मधला मार्ग काढला: निरपेक्ष एककाची बरोबर दहा कोटी पट घ्यावी आणि तिला व्होल्ट म्हणावे. दहा कोटीच का? दहाच्या सगळ्या घातांत हाच घात कामगाराच्या परिचयाच्या डॅनियल घटाजवळ येत होता म्हणून! सिद्धांताला दहाचा शुद्ध घात मिळाला, व्यवहाराला आपला जुना घट जवळपास तसाच मिळाला. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने या व्याख्येवर शिक्कामोर्तब केले. रोधाच्या बाबतीत जर्मनांचा पाऱ्याचा स्तंभ आणि इंग्रजांची निरपेक्ष पद्धत यांच्यात मोठा झगडा होता. तोही अशाच तडजोडीने मिटला. व्होल्ट म्हणजे रूपांतर, असे आम्ही आरंभी म्हटले ते या अर्थाने. त्याच्या पोटात आधीच आठ शून्ये आहेत.

*

येथे एक आडवाट घेणे भाग आहे, कारण या इतिहासातील सर्वांत मोठे धन तिच्यावर सापडले. विजेची निरपेक्ष एकके दोन मार्गांनी काढता येतात. विद्युतभारांतील आकर्षणावरून काढली तर एक संच मिळतो, विद्युतप्रवाहाच्या चुंबकीय परिणामावरून काढली तर दुसरा. एकातून दुसऱ्यात रूपांतर करायचे तर कोणत्या संख्येने गुणायचे? १८५६ साली विल्हेल्म वेबर आणि रुडोल्फ कोलराउश यांनी ही संख्या प्रयोगाने मोजली. लेडन जारमधला विद्युतभार एकदा त्याच्या आकर्षणावरून मोजायचा आणि मग गॅल्व्हानोमीटरमधून सोडून दुसऱ्यांदा मोजायचा, अशी रीत. उत्तर साध्या संख्येचे आले नाही, वेगाचे आले. मॅक्सवेलने वापरलेल्या रूपात तो वेग सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर होता. वेबरच्या सूत्रात २च्या वर्गमुळाचा एक जादा गुणक असल्याने त्याची संख्या ओळखीची वाटत नव्हती; तो गुणक दूर करताच ती फिझोने १८४९ मध्ये मोजलेल्या प्रकाशाच्या वेगाजवळ येऊन उभी राहिली. हे साम्य १८५७ मध्ये किर्खोफच्याही नजरेस आले होते. पण प्रकाश हा विजेला व चुंबकत्वाला वाहून नेणाऱ्या माध्यमाचेच आंदोलन आहे, हा निष्कर्ष १८६२ साली मॅक्सवेलने काढला.

एवढ्यावर तो थांबला नाही. १८६८ साली त्याने स्वतः ही संख्या पुन्हा मोजली. त्यासाठी गॅसियटकडून २,६०० घटांची बॅटरी उसनी आणली. उत्तर आले सेकंदाला २,८८,००० किलोमीटर. आज आपण जाणतो की पहिल्या संचातील दाबाचे एकक हे २९९.७९ व्होल्टएवढे आहे आणि ते आकडे प्रकाशाच्या वेगाचेच आहेत. दोन भाषांतील एका शब्दाची अदलाबदल करताना त्या दोन्ही भाषा एकाच आद्य भाषेच्या लेकी आहेत असे कळावे, तसे हे झाले. विल्यम जोन्सला संस्कृत आणि ग्रीक यांबाबत जे उमगले, ते मॅक्सवेलला एका रूपांतर-गुणकातून उमगले.

*

भाषेचा विषय निघाला आहे तर उपसर्गांकडे वळू. ‘किलो’ आणि ‘मिलि’ हे उपसर्ग १७९५ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या मापनपद्धतीत आले. पटींना ग्रीक, अंशांना लॅटिन, असा तेथे नियम होता. ‘मेगा’ आणि ‘मायक्रो’ यांची भर विजेचे काम करणाऱ्यांच्या गरजेतून पडली. १८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने त्यांना मान्यता दिली. या शब्दांना आपण परके समजतो, पण व्युत्पत्ती पाहिली तर ‘किलो’चे मूळ असलेला ग्रीक शब्द आणि आपल्या ‘सहस्र’ शब्दातील ‘हस्र’ हे सगोत्र आहेत, आणि ‘मेगा’ हा ‘महत्’ शब्दाचा भाऊबंद आहे. किलोव्होल्ट म्हणताना आपण नकळत सहस्रच म्हणतो.

अडचण लिपीत आहे. रोमन लिपीत मिलिव्होल्ट लिहिताना लहान एम, मेगाव्होल्ट लिहिताना मोठा एम. एकाच अक्षराच्या दोन आकारांत शंभर कोटी पटींचा फरक साठवलेला आहे. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. आपण संक्षेप केलाच तर ‘मि’ आणि ‘मे’, म्हणजे एक वेलांटी आणि एक मात्रा, एवढ्यावर तो भार पडेल. दुसरी अडचण मोजणीची. आपली संख्यानामे हजारानंतर शंभराच्या पायऱ्यांनी चढतात: हजार, लाख, कोटी. दशमान उपसर्ग हजाराच्या पायऱ्यांनी चढतात: किलो, मेगा, गिगा. म्हणून मेगाव्होल्टला आपल्याकडे सुटे नाव नाही. ‘दहा लाख व्होल्ट’ असे जोडनाव द्यावे लागते. वर्गात मुले चुकतात ती बहुधा याच जिन्यात, आणि शिक्षक त्यांना गणित कच्चे असल्याचा दोष देतात. चूक गणिताची नसते. दोन भाषांच्या पायऱ्या जुळत नाहीत.

या जिन्यावर वरखाली केले की सारे जग भेटते. हृदयाच्या विद्युतआलेखाच्या कागदावर प्रचलित प्रमाणानुसार १० मिलिमीटर उंची म्हणजे १ मिलिव्होल्ट. मेंदूचा आलेख त्याहूनही खाली, मायक्रोव्होल्टमध्ये. उलट दिशेने गेलो तर मुंबईची लोकल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टवर, म्हणजे दीड किलोव्होल्टवर. एकविसाव्या शतकात उपनगरी मार्गांचे २५ किलोव्होल्टवर परिवर्तन झाले. ते २०१६ पर्यंत चालले. चंद्रपूर ते पडघे ही वाहिनी १९९९ पासून ५०० किलोव्होल्टची. तेवढीच शक्ती न्यायची असताना दाब वाढवला की प्रवाह कमी लागतो आणि तारेतील नासाडी त्या कमी झालेल्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तेव्हा ‘अंतर मोठे, तर दाब मोठा’ हा विचार येथे अगदी योग्य आहे. व्हाइटहाउस यांचीच समजूत, पण शक्तीच्या वहनाला लागू पडणारी. संदेशाच्या वहनाला ती लावली, म्हणून तार गेली.

*

मग निदान एक व्होल्ट तरी कायम एक व्होल्ट राहिला का? तोही नाही. १८९३ च्या शिकागो परिषदेत १५ अंश सेल्सिअस तापमानाला क्लार्कच्या प्रमाण घटाचा दाब १.४३४ व्होल्ट धरून व्होल्ट ठरवण्यात आला. घट बनवणारा तोच अंगुस्तानवाला क्लार्क. पुढे वेस्टनचा कॅडमियम घट प्रमाण मानला गेला. २० अंशांना त्याचा दाब १.०१८३ व्होल्ट. १ जानेवारी १९४८ रोजी ‘आंतरराष्ट्रीय’ व्होल्ट निवृत्त झाला आणि ‘निरपेक्ष’ व्होल्ट पुन्हा आला. जुना एक नव्या १.०००३४ एवढा भरला. १९६२ साली बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने केंब्रिजमध्ये भाकीत केले की, दोन अतिसंवाहकांमधील अतिशय पातळ सांध्यात दाब आणि वारंवारिता यांचे प्रमाण निसर्गाच्या दोन स्थिरांकांनीच बांधलेले असते. १ गिगाहर्ट्झला सुमारे २.०७ मायक्रोव्होल्ट. १९९० पासून जगातील प्रयोगशाळा या नात्यावर व्होल्ट साकारू लागल्या, आणि २० मे २०१९ रोजी प्लांकचा स्थिरांक व इलेक्ट्रॉनचा भार यांची मूल्ये कायमची निश्चित केल्यावर १९९०चा व्होल्टही सुमारे एक कोटीत एक एवढ्या भागाने सरकला. घरातल्या दिव्याला याची गंधवार्ता नाही. मापनशास्त्रज्ञाला मात्र जुन्या वह्या नव्या व्होल्टमध्ये उतरवून घ्याव्या लागल्या.

किलोव्होल्टचे व्होल्ट करताना दशांशचिन्ह सरकते. व्होल्टाच्या बोटांपासून डॅनियलच्या घटापर्यंत, घटापासून दहा कोटींच्या घातापर्यंत आणि तेथून अतिसंवाहकाच्या सांध्यापर्यंत सरकत गेले ते मूळच. ‘झुंझारराव’ वाचताना आपण मुळाचा शोध घेतो, कारण मूळ कोठेतरी स्थिर आहे असा आपला विश्वास असतो. व्होल्टपाशी तो विश्वास ठेवता येत नाही. येथे प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचे रूपांतर हेच मूळ मानले, ते तपासले, आणि चूक सापडली तेव्हा ती आकड्यांसह नोंदवून पुढच्या पिढीच्या हाती दिली. साहित्याच्या परंपरेत आपण इतक्या प्रामाणिकपणे हे करतो का, हा प्रश्न आम्ही आम्हालाच विचारून पाहिला. शाळेच्या पुस्तकातले ते कोष्टक त्यानंतर आम्हाला पूर्वीइतके कोरडे वाटले नाही.